संडासाचं कुलूप

मुलांवर मला सहसा राग येत नाही. मूल पहिल्यांदा चुकतं तेव्हा त्याला ठाऊक नसतं, दुसऱ्यांदा चुकतं तेव्हा आपणच नीट सांगितलेलं नसतं, आणि पुन्हा चुकलं तर बहुधा त्याला भूक लागलेली असते. तेव्हा आता जे सांगणार आहे त्यातला राग मुलांवरचा नाही. तो मोठ्या माणसांवरचा आहे आणि अजून उतरलेला नाही.

नोकरी संपून बरीच वर्षं झाली, तरी शनिवारी सकाळी मी आमच्या गावच्या शाळेत जाते. आसेगावच्या रस्त्यालगत शाळा आहे, आजूबाजूच्या तांड्यांवरची मुलंही तिथंच येतात. मुख्याध्यापक गोविंदसिंग सरांनी स्वतः येऊन विचारलं होतं, बाई, सातवीला विज्ञान घ्याल का. मला तेवढंच हवं होतं.

डिसेंबरातल्या एका शनिवारी मी आतड्याचा पाठ घेतला. हा पाठ मी पुस्तकातून शिकवत नाही. घरून सासूबाईंचं जुनं हिरवं नऊवार लुगडं पिशवीत घालून नेते. मुलांना आधी विचारते, तुमच्या पोटात आतडं किती लांब असेल? कोणी वीतभर म्हणतं, कोणी हातभर. मग एकाच्या हातात पदर द्यायचा आणि उलगडत जायचं. व्हरांड्याच्या या टोकाच्या खांबापासून निघालेलं लुगडं पार मुख्याध्यापकांच्या दारापर्यंत जातं. लहान आतडं वीस-बावीस फूट, पुढं मोठं आतडं पाचेक फूट. अख्खं लुगडं चुण्या घालून तुमच्या एवढ्याशा पोटात बसवलंय म्हटलं की मुलं मान खाली घालून आपापल्या पोटाकडे बघतात. ते बघणं पाहण्यासाठी मी हा पाठ दरवर्षी घेते.

मग एकेकानं लुगड्याला हात लावून उभं राहायचं आणि आपलं काम सांगायचं. सुरुवातीची मुलं पोटातून आलेला घास पुढं ढकलतात. मधली त्यातलं सत्त्व शोषून रक्ताला देतात. लहान आतड्याला आतून मखमलीसारखी लव असते, त्या लवेतून भाकरीचं बळ अंगात जातं. उरलेलं मोठ्या आतड्यात येतं. तिथं घाई नसते. तिथं न मोजता येणारे बारीक जिवाणू राहतात, उरल्यासुरल्यावर जगतात आणि बदल्यात आपल्याला काही जीवनसत्त्वं करून देतात.

"आणि मोठं आतडं पाणी वाया जाऊ देत नाही," मी मुलांना सांगितलं. "उरलेल्यातलं पाणी खेचून अंगाला परत देतं. माल जितका वेळ तिथं थांबेल तितका वेळ ते खेचतच राहतं."

त्या दिवशी लुगड्याचं शेवटचं टोक रीताच्या हातात होतं. रीता तांड्यावरची, जूनमध्ये आमच्या शाळेत आलेली, अक्षर सुरेख, बोलणं कमी. तिला एकच वाक्य म्हणायचं होतं, नको असलेलं इथून बाहेर जातं. ती ते म्हणेना. भिंतीला पाठ लावून उभी होती, चेहरा उतरलेला. मागच्या एका मुलानं नाक दाबलं. दुसरा खुसखुसला. कोणीतरी हळूच "हागरी" म्हणालं. रीतानं टोक सोडलं आणि दप्तर न घेता ती फाटकाबाहेर निघून गेली.

मी मुलांना ओरडले नाही. लुगड्याची घडी घालायला लावली आणि सगळ्यांना बाहेर पाठवलं. सुकेशनी म्हणून एक तोंडाळ मुलगी आहे, ती मागं रेंगाळली. तिनं सांगितलं की हे आजचं नाही.

"तिले हगवण लागली हाय मॅडम. दिवाळीपासून. रोज कपडे खराब होतात तिचे. म्हनून तिच्याजवळ कोनी बसत नाई."

"तू बसतेस?"

"मी बसतो ना. मले सर्दी असते, वास येत नाई," सुकेशनी म्हणाली.

दप्तर घेऊन मी तांड्यावर गेले. रीताचे आई-बाप, किशन आणि त्याची बायको, दिवाळीनंतर ऊसतोडीला गेले होते. घरी आजी, भुरीबाई. ती दारात बसून रीताची सलवार धूत होती. मला पाहून तिनं ती पाण्यात खाली दाबून धरली, जणू मला कळू नये.

तिनं काय काय उपाय केले ते ती सांगत गेली. हगवण आहे म्हटल्यावर तिनं रीताची भाकर बंद केली, भाजी बंद केली. साबुदाणा, भात आणि काळा चहा. पाणी तर अगदी घोटभर, कारण हगवणीवर पाणी दिलं की हगवण वाढते असं तिच्या सासूनं तिला सांगितलं होतं. मेडिकलवाल्या मयंककडून ती गोळ्या आणायची. पोट्टीला हगवण आहे, थांबवायच्या गोळ्या दे, असं सांगायची आणि तो द्यायचा. एकदा तो डॉक्टरला दाखवा म्हणाला होता. पण पुढच्या खेपेला पुन्हा गोळ्याच दिल्या.

"एवढ्या गोळ्या खाल्ल्या, तरी थांबून नाई राह्यली," भुरीबाई म्हणाली. "मी ठरवलं बाई. संक्रांतीनंतर मुकादमाची जीप उसाच्या फडावर जानार हाय, तिच्यात धाडून देते. मायजवळ राह्यली त लाज तरी झाकून जाईन."

फडावर गेलेली मुलगी सातवीच्या वर्गात परत आलेली मी पाहिलेली नाही. आधी ती धाकट्या भावाला सांभाळते, मग मोळ्या बांधते, मग तिचं लग्न होतं. मी भुरीबाईला एवढंच म्हटलं की जीप जायला अवकाश आहे, तोवर आपण एका चांगल्या डॉक्टरला दाखवू.

मंगरूळपीरला एक बाई डॉक्टर आहेत, शांतपणे बोलतात. त्यांनी रीताला झोपवून पोट दाबून पाहिलं, मग तिचाच हात धरून बेंबीच्या खाली डाव्या बाजूला ठेवला आणि विचारलं, हे लागतं का हाताला? रीतानं मान हलवली. डॉक्टरांनी मलाही हात लावायला सांगितलं. मुलीच्या त्या वाळल्या पोटात गोट्यांची पिशवी ठेवल्यासारखं कडक लागत होतं.

"पोट साफ कधी झालं होतं? नीट, मोकळं?"

रीतानं आजीकडे पाहिलं. "दिवाळीले," ती म्हणाली.

भुरीबाईला वाटलं पोरगी खोटं बोलतेय. रोज कपडे कोण धुतं मग? डॉक्टरांनी तिला समजावलं, पण त्या भराभर बोलत होत्या, बाहेर पेशंट होते. बसस्टँडवर बाकावर बसल्यावर मी तिला पुन्हा सांगितलं. भुरीबाई तुरीला ठिबकनं पाणी देणाऱ्या शेतात मजुरीला जाते, म्हणून तेच धरलं.

"नळीत माती बसून नळी चोक झाली तर पाणी थांबतं का?"

"थांबत नाई. फटीतून गळते. भलतीकडंच चिखल होते."

"तसंच झालंय. हिचं मोठं आतडं भरून घट्ट झालंय. मागून जे पातळ येतं ते बाजूनं झिरपतं. तिला ते कळत नाही, धरताही येत नाही. ताणून ताणून आतड्याला आता भरल्याची खूणच पटत नाही. ही हगवण नाही भुरीबाई. हिला बद्धकोष्ठ झालंय."

एक एसटी लागली, भरली आणि गेली.

"मंग मी तिले थांबवाच्या गोळ्या देऊन राह्यली होती," ती म्हणाली. "पानी बंद केलं. भाकर बंद केली."

तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं, मी म्हटलं. भुरीबाईवर मी रागावणार नव्हते. माझा राग परतीच्या वाटेवर सुरू झाला, जेव्हा रीतानं, खिडकीबाहेर बघत, हे कसं झालं ते थोडं थोडं सांगितलं.

तांड्यावरच्या सरकारी संडासात पाणी नाही, त्यात गोवऱ्या आणि जळणाच्या तुऱ्हाट्या भरल्या आहेत. बायका उजाडायच्या आधी रानात जातात. दिवाळीपर्यंत रीता आईबरोबर जायची. आई गेली. भुरीबाई आता कापूस वेचायला अंधारातच निघते. एकटीनं गेलं तर रस्त्यावर पोरं मोटरसायकल लावून उभी असतात. मग रीतानं ठरवलं, शाळेत जाऊ. आणि शाळेत कुलूप होतं. तेव्हा तिनं आणखी एक गोष्ट ठरवली, एका बारा वर्षांच्या मुलीनं अगदी विचार करून ठरवलेली गोष्ट: पाणी प्यायचंच नाही आणि भाकर अर्धीच खायची. म्हणजे लागणार नाही.

आमच्या शाळेचा मुलींचा संडास तुम्ही पाहायला हवा. कमरेपर्यंत पांढऱ्या फरशा, वर निळा रंग, छतावर पाण्याची टाकी, भिंतीवर हात धुणाऱ्या हसऱ्या मुलीचं चित्र. त्याच्या जोरावर आदल्या वर्षी शाळेला तालुक्यात स्वच्छतेचं बक्षीस मिळालं होतं. दाराला पितळी कुलूप. किल्ली मुख्याध्यापकांच्या कपाटात, बक्षिसाच्या ढालीमागं. साहेब येणार असले की उघडायचं, साहेब गेले की फरशा पुसून बंद करायचं. मी दर शनिवारी त्या दारावरून जायची. शनिवार आहे, अर्धी शाळा आहे, म्हणून बंद असेल असं मला वाटायचं.

सोमवारी मी गोविंदसिंग सरांच्या खोलीत गेले. त्यांनी चहा मागवला. मी कोणाचं नाव न घेता सांगितलं की एक मुलगी आजारी पडली आहे, आणि का पडली आहे. ते वाईट माणूस आहेत असं मी म्हणणार नाही. त्यांनी ऐकून घेतलं, मान हलवली, हळहळले. मग म्हणाले की मुली पाणी टाकत नाहीत, कपडे कोंबतात, सफाईला माणूस नाही. संक्रांतीच्या आधी पुन्हा तपासणी आहे, यंदा जिल्ह्याचं बक्षीस आहे. ती होऊन जाऊ द्या, मग बघू.

"सर, मुलींनी वापरलाच नाही तर तो स्वच्छ कशासाठी ठेवायचा?"

"वापरला त स्वच्छ कसा राहील, बाई?" त्यांनी मला मनापासून विचारलं.

या वाक्यावर मी आयुष्यात पहिल्यांदा चहाचा कप भरलेला सोडून उठले.

डॉक्टरांनी भुरीबाईला बजावलं होतं की औषधानं आतडं मोकळं होईल, पण ते ताणलं गेलंय, पूर्वीसारखं व्हायला महिने लागतील. जेवण पोटात पडलं की मोठं आतडं आपोआप हलतं, पुढं ढकलू लागतं. तीच वेळ साधायची. म्हणून सकाळी आणि दुपारी जेवणानंतर मुलीनं निवांत बसलंच पाहिजे, लागो न लागो. भरपूर पाणी, भाकर, पालेभाजी, पेरू, पपई. दुपारची वेळ चुकवाल तर पुन्हा सगळं भरत जाईल. दुपारी रीता शाळेत असणार आणि शाळेत कुलूप. भुरीबाईनं सरळ हिशेब केला.

"बाई, तुमी म्हनता तसं सगळं करते. कापसाले उशिरा जाईन, पहाटे मी सोबत जाईन. पन दुपारचं काय? शाळेतला संडास उघडला त ठेवते. नाई उघडला त जीपमधी बसवते. फडावर रान त हाय."

तोवर रीता घरीच होती, औषधानं हळूहळू मोकळी होत होती आणि मी संध्याकाळी जाऊन तिला शिकवत होते. सरांकडे मी पुन्हा गेले. साफसफाई मुलींच्या पाळ्या लावून मी स्वतः करून घेईन म्हटलं. ते हसून म्हणाले, तुम्ही या वयात कशाला. शाळा समितीतल्या दोघांना भेटले. एकानं सांगितलं, आमच्या काळी कुठं होते संडास? या माणसाच्या घरी दोन आहेत.

तपासणीचा दिवस संक्रांतीच्या आदल्या आठवड्यात आला. रांगोळ्या, तोरणं. संडासाचं दार सताड उघडं, आत नवी बादली, मग, साबण, आणि खिडकीत प्लॅस्टिकची फुलं. सकाळच्या प्रार्थनेत मुलींना बजावण्यात आलं की पाहुणे जाईपर्यंत त्या बाजूला कोणी फिरकायचं नाही. आणि गोविंदसिंग सर माझ्याकडे येऊन म्हणाले, बाई, तो तुमचा लुगड्याचा पाठ साहेबांना दाखवू, फार छान दिसतो.

मी हो म्हटलं. सकाळीच भुरीबाईला निरोप पाठवला होता, रीताला जेवू घालून दुपारी शाळेत आण. शाळा सोडल्याचा दाखला घ्यायचा तर तोही आजच घे.

समितीचे तिघे खुर्च्यांवर बसले. मी लुगडं उलगडलं. मुलांनी कामं चोख सांगितली. घास पुढं गेला, सत्त्व रक्तात गेलं, जिवाणू जेवले. मोठ्या आतड्यापाशी आल्यावर मी विचारलं, माल इथं थांबून राहिला तर काय होईल?

पाणी खेचत राहील, मुलं म्हणाली. मग? मग ते वाळेल. मग? दगडासारखं होईल. पोट दुखेल. भूक जाईल. मुतखडा होईल, एक मुलगा म्हणाला. तो वेगळा, मी म्हटलं, पण लघवी धरून ठेवली तर तिथंही जंतू वाढतात, ताप येतो. मग पाहुण्यांकडे न बघता मी मुलींना विचारलं, शेवटच्या टोकाचं काम नीट व्हायला काय लागतं?

"पानी," कोणी म्हणालं. "भाजी." "भाकर."

"आनि संडास," सुकेशनी म्हणाली.

समितीतले एक साहेब कौतुकानं हसले. "अरे वा. आहे ना तुमच्या शाळेत छान?"

"हाय ना," ती म्हणाली. "तुमी येता तवा उघडते."

कोणी हसलं नाही. साहेबांनी गोविंदसिंग सरांकडे पाहिलं. सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी लुगडं धरून उभी होते. वर्गात मी आवाज चढवत नाही, त्या दिवशीही चढवला नाही. एवढंच म्हटलं की या शाळेतल्या मुली सकाळी घरून निघाल्यापासून घरी पोचेपर्यंत पाणी पीत नाहीत. साहेब, तुम्ही बाटल्या पाहा. ज्यांच्या बाटल्या आहेत त्या भरलेल्या आहेत. आणि तुम्ही ज्या स्वच्छतेला बक्षीस दिलंत ती या मुलींच्या पोटात साठलेली घाण आहे.

साहेबांनी खरंच दोन बाटल्या उचलून पाहिल्या. मग त्यांना पुढच्या शाळेत जायचं आठवलं. फराळ झाला, गाडी गेली.

गाडीची धूळ बसायच्या आत गोविंदसिंग सर कपाटाकडे गेले. मला वाटलं होतं निदान आज तरी नाही. हातात कुलूप घेऊन ते व्हरांड्यातून चालत निघाले, चेहरा लाल झालेला, माझ्याकडे न बघता. मी मागं गेले. मुलीही आल्या.

संडासाच्या दारात भुरीबाई बसली होती. दार आतून लावलेलं होतं.

"कोन हाय आत?" सरांनी विचारलं.

"माही नात."

"बाहेर बोलवा तिले. बंद करायचं आहे."

भुरीबाई उठली नाही. "जेवून आली हाय. डाक्टरनं सांगतलं, जेवल्यावर बसाचं. ती बसली हाय."

"आजी, मला कुलूप लावू द्या."

"लावा ना. पोट्टी आत असताना लावता का?"

सर थांबले. आम्ही सगळे थांबलो. आत पाण्याचा आवाज नव्हता, काहीच आवाज नव्हता, एक मुलगी निवांत बसली होती आणि मुख्याध्यापक, मी आणि अर्धी सातवी बाहेर उभी होती. मुलांपैकी कोणी नाक दाबलं नाही. सरांनी घड्याळ पाहिलं. त्यांनी एकदा मुलींना वर्गात जायला सांगितलं, पण एकही हलली नाही.

"किती वेळ लागेल?" ते शेवटी म्हणाले.

"दिवाळीपासून साचलं हाय, गुरुजी," भुरीबाई म्हणाली. "वेळ त लागनच. टेका थोडं."

सुकेशनीनं वर्गातून खुर्ची आणून खरोखरच त्यांच्यामागं ठेवली. ते बसले नाहीत. हात मात्र खाली आला, आणि भुरीबाईनं त्या हातातलं कुलूप किल्लीसकट काढून घेतलं, लहान मुलाच्या हातून कात्री काढून घेतात तसं, आणि लुगड्याच्या ओच्यात खोचलं. सर तोंड उघडून उभे राहिले. मग ते खोलीत गेले आणि दार लावून घेतलं.

आत बादलीत नळ सुरू झाल्याचा आवाज आला. रीता बाहेर आली तेव्हा एवढी माणसं पाहून पहिल्यांदा भिंतीला टेकली. आजीनं विचारलं, झालं? तिनं मान हलवली. पाणी टाकलं? दोन बादल्या, ती म्हणाली.

"आता वर्गात जाय," भुरीबाई म्हणाली.

जीप संक्रांतीनंतर गेली, रीताशिवाय. ते कुलूप आता भुरीबाईच्या बकऱ्यांच्या कोठ्याला आहे. शाळेनं दुसरं आणलेलं नाही. आणलं तर भुरीबाई येऊन बसेल हे सगळ्यांना ठाऊक आहे. मुलींच्या पाळ्या लावल्या आहेत. फरशा पूर्वीसारख्या पांढऱ्या नाहीत, प्लॅस्टिकची फुलं कोणीतरी नेली. जिल्ह्याचं बक्षीस दुसऱ्या शाळेला मिळालं आणि त्यावरून गावात अजून मला ऐकवतात. ऐकवू द्या. त्या दुसऱ्या शाळेच्या संडासाला कुलूप आहे का, हे मी एकदा जाऊन पाहणार आहे.

रीताचं पोट अजून पूर्ण ताळ्यावर आलेलं नाही. कधी कधी कपडे खराब होतात, मग ती घरी जाऊन बदलून परत येते. मी तिला सांगते, ताणलेलं लुगडं एका धुण्यात पहिल्यासारखं होत नाही. या शनिवारी मी शाळेत शिरले तेव्हा ती नळाखाली ओंजळ धरून पाणी पीत होती. मी फाटकातच थांबले. तिनं पोटभर प्यायलं, तोंड पुसलं आणि पुन्हा ओंजळ धरली.